दख्खनी मुठीतील जर्मन पाती

खंडेनवमीला मराठवाड्यातील जुन्या घराण्यांत जी शस्त्रे पूजेसाठी बाहेर काढली जातात, त्यांत एखादी लांब, सरळ आणि हाताने किंचित वाकवता येईल अशा पात्याची तलवार असली, तर तिला 'फिरंग' म्हणण्याची रीत आहे. मूठ अस्सल दख्खनी, तिच्यावर कधी चांदीचे नक्षीकाम, तळाशी वाटीसारखी चकती आणि तिच्यातून निघालेला लोखंडी गज. पाते मात्र परदेशी. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांवर बहमनी काळापासून निजामी अमलापर्यंत सतत लष्कराचा वावर राहिला. त्यामुळे अशी शस्त्रे येथे कुणाकडे आढळली, तर त्यात नवल नाही. नवल आहे ते त्या पात्याच्या जन्मस्थानाचे. अशी पुष्कळशी पाती जर्मनीतील झोलिंगन या एका लहानशा गावात घडली.

'फिरंग' हा शब्द फारसीतील 'फरंग'वरून आला आणि युरोपातून आलेल्या कोणत्याही पात्याला तो लावला गेला. पाते स्पेनचे की इटलीचे की जर्मनीचे, याची चौकशी करण्याचे शिलेदाराला कारण नव्हते. तरीही भारतीय शस्त्रांच्या नामावळीत 'अलेमानी' हे नाव टिकून आहे. जॉर्ज कॅमेरॉन स्टोन या अमेरिकी संग्राहकाच्या १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या शस्त्रकोशातही ते आढळते. अलेमान म्हणजे जर्मनी. निदान काही जणांना तरी पात्याचे मूळ ठाऊक होते, असा याचा अर्थ होतो.

झोलिंगन आणि त्याचे कारागीर

कोलोन आणि ड्यूसेलडॉर्फ या शहरांच्या जवळ, वुपर नदीच्या काठच्या डोंगराळ भागात झोलिंगन वसले आहे. लोखंड, भट्टीसाठी कोळसा देणारे जंगल आणि सहाणेची चाके फिरवणारे ओढ्यांचे पाणी या तीन गोष्टी तेथे एकत्र मिळाल्या. १५व्या शतकात तेथील धंद्याची विभागणी सनदांनी पक्की झाली. पाणी देणारे व धार लावणारे यांच्या संघाला १४०१ मध्ये, पाते सजवून त्याला मूठ बसवणाऱ्यांच्या संघाला १४१२ मध्ये आणि प्रत्यक्ष पाते घडवणाऱ्या लोहारांच्या संघाला १४७२ मध्ये सनद मिळाली. एका संघाने दुसऱ्याचे काम करायचे नाही, असा दंडक होता. आपल्याकडील बलुतेदारीची आठवण व्हावी, इतकी ही वाटणी काटेकोर होती.

पात्यावर खूण उमटवण्याचा हक्क घडवणाऱ्या लोहाराचा. योहानेस वुंडेस याची खूण मुकुटधारी राजाचे मस्तक, क्लेमेन्स होर्न याची एकशिंगी घोडा. काहींनी नावापुढे 'मे फेकिट झोलिंगन' अशी लॅटिन अक्षरे कोरली. त्यांचा अर्थ 'मला झोलिंगनमध्ये अमुक याने घडवले'. पाते स्वतःच बोलते आहे, अशी ही रचना आहे.

संग्राहकांना सर्वाधिक परिचित असलेली खूण मात्र कुणा एका कारागिराची नाही. ती आहे 'धावता लांडगा'. मुळात ही खूण पासाऊ या दुसऱ्या जर्मन गावच्या लोहारांची. त्यांच्या पात्यांची कीर्ती पाहून झोलिंगनच्या लोहारांनी ती सरसकट उचलली. लांडगा म्हणून चित्रात काही सुबक असेल अशी अपेक्षा ठेवू नये. छिन्नीच्या पाच-सात फटकाऱ्यांत काढलेली, कधी खोबणीत पितळ ठोकून भरलेली ही आकृती अजाण डोळ्याला निव्वळ ओरखडा वाटते. तिच्याजवळ पुष्कळदा '१४१४' असा आकडाही असतो. तो सन नव्हे. १७व्या शतकातील पात्यांवरही तो सापडतो. शुभ किंवा गूढ आकडा म्हणून तो घातला जाई, असे मानतात. या आकड्यावर विश्वास ठेवून आपली तलवार सहाशे वर्षांची असल्याचे सांगणारे मालक सर्वत्र भेटतात.

नकलेचा मामला इथेच थांबत नाही. इटलीतील आंद्रेआ फेरारा या नामवंत कारागिराचे नाव झोलिंगनने शेकडो पात्यांवर घातले, तेही वाटेल त्या वर्णलेखनाने. तोलेदोच्या स्पॅनिश उस्तादांची नावे घातली. जिनोवाच्या पात्यांवर दातेरी कोयत्यासारख्या दोन अर्धवर्तुळांची जी खूण असे, तिची नक्कल जर्मन व ऑस्ट्रियन लोहारांनी केली, कॉकेशसमधील लोहारांनी केली आणि भारतातील लोहारांनीही केली. म्हणून दख्खनमधल्या एखाद्या पात्यावर अशी कोयत्याची खूण असली, तर त्यावरून एकच गोष्ट ठामपणे सांगता येते: ते विकणाऱ्याला परदेशी मालाचा भाव हवा होता.

पोलाद दाराशी, पाते सातासमुद्रापलीकडचे

ही पाती गोव्याच्या पोर्तुगिजांमार्फत आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या इतर बंदरांतून आली. पुढे डच व इंग्रज व्यापाऱ्यांनीही ती आणली. येत ती बहुधा नुसती पाती. मूठ येथे बसवली जाई. कोकणातील सावंतांकडून शिवाजी महाराजांनी ३०० होन देऊन एक फिरंग घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. चांगल्या परदेशी पात्याला केवढी किंमत होती, हे त्यावरून कळते.

येथे एक कोडे उभे राहते. नांदेडच्या सरहद्दीला लागून असलेल्या निर्मळच्या परिसरात, गोदावरीच्या खोऱ्यात, जगप्रसिद्ध पोलाद तयार होत होते. आजच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम या गावी मातीच्या मुशीत लोखंड वितळवून 'वूट्झ' या नावाने ओळखले जाणारे पोलाद काढले जाई. १९व्या शतकाच्या आरंभी हेन्री व्हॉयसी या भूगर्भतज्ज्ञाने ही प्रक्रिया जागेवर पाहून नोंदवली. पोलादाच्या वड्या विकत घेण्यासाठी इराणमधील व्यापारी त्या आडगावी येऊन राहत असत, असेही त्याने लिहिले आहे. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या लहरदार तलवारींसाठी हेच मुशीतले पोलाद वापरले जाई. मग इथल्या शिपायाने झोलिंगनचे पाते कमरेला का लावावे?

उत्तर धातूच्या स्वभावात आहे. मुशीतल्या पोलादात कर्बाचे प्रमाण जास्त असते. त्याची धार अप्रतिम येते आणि वक्र, आखूड पात्याला ते शोभते. परंतु लांब व सरळ पाते त्याचे केले, तर आडव्या आघाताने मोडण्याचा धोका राहतो. जर्मन पात्यात कर्ब कमी, आणि पाणी दिल्यावर पुन्हा बेताने तापवून त्याला छडीसारखी लवचिकता आणलेली. घोड्यावरून लांबवर खुपसायचे किंवा दांडपट्ट्यासारखे सर्वांगाने फिरवायचे, तर पाते वाकून पुन्हा सरळ होणारेच हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झालेल्या दांडपट्ट्याचे कित्येक जुने नमुने युरोपीय पात्यांचे आहेत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्या कामाला जे पाते योग्य ते घ्यायचे आणि आपल्या हाताला बसणाऱ्या मुठीत जडवायचे, हा लढणाऱ्यांचा व्यवहार होता.

मोडलेल्या तलवारीची कट्यार

झोलिंगनचे पाते मोडले तरी वाया जात नसे. त्याच्या उरलेल्या तुकड्याची कट्यार होई. दोन समांतर बाजू आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या अशी कट्यारीची मूठ असते. तिच्या पुढच्या भागात युरोपीय पात्याचा तुकडा खिळ्यांनी जडवला, की वीत-दीड वीत लांबीचे खुपसण्याचे हत्यार तयार होई. अशा कट्यारींचा सर्वांत मोठा साठा तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारात होता. हाताच्या पाठीवर पानासारखे किंवा नागफणीसारखे पोलादी कवच, त्यावर जाळीदार कोरीव काम, आणि पुढे १६व्या-१७व्या शतकातील युरोपीय पाते, असे त्यांचे रूप. १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यानंतर, १८६०च्या दशकात या शस्त्रागाराची वासलात लागली. काही शस्त्रे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली, पुष्कळशी मोडीत निघाली. उरलेल्यांपैकी काही पुढे परदेशी संग्राहकांच्या हाती लागली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला स्टोनच्या मृत्युपत्रान्वये १९३५ मध्ये मिळालेल्या संग्रहातही दाक्षिणात्य कट्यारी आहेत. जर्मन पात्याची दुर्मीळ कट्यार म्हणून परदेशी लिलावांत आज जे काही चढ्या भावाने विकले जाते, त्यातील बराचसा माल मुळात मराठ्यांच्या शस्त्रागारातला आहे.

मराठवाड्याचा वाटा

कंधार, औसा आणि उदगीर या किल्ल्यांनी बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा अनेक फौजा पाहिल्या. औसा व उदगीर हे दोन्ही किल्ले १६३६ मध्ये मोगलांनी वेढा घालून घेतले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरजवळ सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाचा पराभव केला आणि सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख मिळवला. त्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. म्हणजे फिरंगीचा जमाना तेव्हाच ओसरू लागला होता, आणि तलवार हळूहळू मानाची वस्तू बनत चालली होती.

नांदेडची गोष्ट वेगळी आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग येथे आले आणि त्याच वर्षी येथेच त्यांचे देहावसान झाले. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब येथे त्यांची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत: सोन्याची कट्यार, तोड्याची बंदूक, ३५ बाण, दोन धनुष्ये, रत्नजडित पोलादी ढाल आणि पाच तलवारी. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्त स्नानाच्या वेळी गोदावरीच्या पाण्याने तख्त धुतले जाते आणि शस्त्रांची स्वच्छता केली जाते. ही शस्त्रे श्रद्धेचा विषय आहेत, संग्रहाचा नव्हेत. परंतु शस्त्र जपण्याची अखंड परंपरा म्हणजे काय, हे पाहायचे तर नांदेडइतके जवळचे दुसरे ठिकाण नाही. गुरुद्वाराच्या परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या तलवारी व कृपाणी अर्थातच आजच्या आहेत. त्यांतली एखादी आम्लात बुडवून, गंज चढवून 'जुनी' म्हणून अन्यत्र विकली जाऊ शकते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

दुर्मीळ कारागिराचे मोल

जगभरच्या शस्त्रसंग्राहकांत जर्मन खंजिरांचा एक स्वतंत्र पंथ आहे. त्यांचा रोख मुख्यतः १९३३ ते १९४५ या काळातील गणवेशाच्या खंजिरांवर असतो. हे खंजीरही बहुतांशी झोलिंगनमध्येच बनले. आराखडा एकच, माप एकच. फरक फक्त पात्यावरच्या कारखान्याच्या चिन्हाचा. आइकहॉर्नसारख्या मोठ्या कारखान्याने ते अफाट संख्येने बनवले, काही लहान कारखान्यांनी मोजकेच. म्हणून लहान कारखान्याच्या चिन्हाला कित्येक पट किंमत येते, आणि म्हणूनच खोट्या चिन्हांचा सुळसुळाटही याच वस्तूंत सर्वाधिक आहे. ज्या राजवटीची ही चिन्हे, तिचे कृत्य विसरून केवळ दुर्मीळतेवर भाळणे कितपत योग्य, हा प्रश्न त्या संग्राहकांपुढे उभाच असतो. जर्मनीत अशा चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर कायद्याने निर्बंध आहेत.

दख्खनी फिरंगीला हा हिशेब लागू पडत नाही. येथे पाते कुणी घडवले याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ते कुणाच्या हाती होते याला आहे. लंडनच्या सदबीज या लिलावगृहात २९ एप्रिल २०२५ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची म्हणून जी तलवार निघाली, तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे. परंतु पात्याच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरांत 'सेनासाहेब सुभा' या किताबासह रघुजींचे नाव आहे, आणि त्या देवनागरी अक्षरांमुळेच ती वेगळी ठरली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६च्या दौऱ्यात तत्कालीन ब्रिटिश युवराजाकडे गेलेल्या 'जगदंबा' तलवारीचे पातेही युरोपीय आहे. त्याच्यावर 'आयएचएस' ही येशूच्या नावाची आद्याक्षरे उमटवलेली आहेत. ती अक्षरे स्पेनप्रमाणेच झोलिंगनच्या पात्यांवरही असत. त्यामुळे केवळ त्यांवरून गाव ठरवता येत नाही.

खूण शोधताना आणखी एक अडचण येते. युरोपीय पात्यावर कारागिराची मोहर पुष्कळदा मुठीलगतच्या जाड भागावर असते, आणि दख्खनी मुठीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या पट्ट्या नेमका तोच भाग झाकतात. पाते मुठीत राळेने व खिळ्यांनी बसवलेले असते. मूठ तापवून पाते सैल करण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. तसे केल्याने चांदीकाम सुटते, खिळे बदलावे लागतात, आणि तीनशे वर्षे एकत्र राहिलेली जोडी पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. झाकलेला भाग पाहण्यासाठी क्ष-किरण चित्रणाचा मार्ग आहे. एरवी पात्याच्या मधल्या लांबट खोबणीत तिरप्या उजेडात पाहिले, तर अक्षरांच्या पुसट रेघा दिसू शकतात.

बहुतेक खुणा नाहीशा होतात त्या मात्र चोरीने किंवा विक्रीने नव्हे, तर पूजेच्या तयारीने. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चिंच, राख, वीटकरीचा भुगा किंवा पॉलिशकागद घेऊन पाते लख्ख करण्यात घरातील मंडळी भक्तिभावाने गुंततात. प्रत्येक वर्षी केसभर धातू निघतो. लांडग्याची आकृती मुळातच उथळ. पाच-पंचवीस नवरात्रांत ती सपाट होते आणि पितळाचा भराव गळून पडतो. पात्यावरची काळसर झाक हा गंज नव्हे. ती पात्याचे रक्षणच करते. लाल, भुसभुशीत गंज तेवढा मऊ कापडाने व पातळ यंत्रतेलाने टिपून घ्यावा. खोबरेल तेल चिकटून बसते, म्हणून ते टाळावे. कुंकू-हळदीचे बोट मुठीला लावावे, पात्याला नको. शस्त्र वर्षभर म्यानातच ठेवण्याची सवयही घातक आहे, कारण लाकूड व चामडे ओल धरून ठेवतात. पाते सुती कापडात आणि म्यान शेजारी, असे ठेवणे उत्तम.

कायद्याच्या चौकटीत

घरात जुनी तलवार आहे हे बाहेर सांगायला लोक कचरतात, याला कायद्याविषयीचे अर्धवट ज्ञान कारणीभूत आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या चौथ्या कलमान्वये केंद्र सरकार एखाद्या प्रदेशापुरती अधिसूचना काढून तलवार, खंजीर अशा धारदार शस्त्रांसाठीही परवाना आवश्यक ठरवू शकते. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात काय लागू आहे, याची विचारणा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी करून उत्तर जपून ठेवणे हा सरळ मार्ग आहे. परदेशातून खंजीर टपालाने मागवणे ही शस्त्राची आयात ठरते आणि तिला परवाना लागतो. हौशी संग्राहक इथेच अडचणीत येतात.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. शेत नांगरताना किंवा पडक्या वाड्याचा पाया खणताना काही सापडले, तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. भंगाराच्या भावाने ते विकणे हा गुन्हा ठरू शकतो.

शस्त्रे पाहून नजर तयार करायची, तर मराठवाड्याच्या अभ्यासकाला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय ही ठिकाणे सोयीची आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथील शस्त्रांचे भाऊबंद सालारजंगमध्ये अधिक भेटतील. झोलिंगनमध्येही पात्यांना वाहिलेले संग्रहालय आहे आणि ते १९९१ पासून ग्रेफ्राथ येथील जुन्या मठाच्या इमारतीत नांदते.

खासगी संग्रहाचे पुढे काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पुण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू शासनाच्या हवाली केल्या. लातूरपासून फार दूर नसलेल्या, धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने पांढरीच्या मातीत मिळणाऱ्या वस्तू गोळा केल्या, आणि त्या संग्रहावर शासनाचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. लामतुरे यांच्या संग्रहात भर आहे तो सातवाहनकालीन मूर्तींवर व मण्यांवर. शस्त्रांचा असा पाठपुरावा मराठवाड्यात झालेला नाही. त्यासाठी शस्त्र कुणी देऊन टाकण्याचीही गरज नाही. पात्याची लांबी, रुंदी व वजन, खोबणींची संख्या, खुणेचे जवळून घेतलेले छायाचित्र, आणि ते घरात कुणाकडून आले याविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत तारखेनिशी एका वहीत लिहून ठेवली, तर अभ्यासकाचे निम्मे काम होते. हकीकत लिहून घेण्याची घाई मात्र केली पाहिजे, कारण ती सांगणारी पिढी आता थकली आहे.